अमूर्त निसर्गचित्रांचा जलरंग वर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी सकाळी साडेनऊ ते साडेबारा, पुण्यात, बारा जणांचा वर्ग. व्हॉट्सॲपवर, फोनवर आणि बऱ्याचदा जिन्यात गाठून विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वाचून आलात तर पहिल्या दिवशीचा बोलण्यातला अर्धा तास वाचेल, तो कागदावर घालवू.

अमूर्त निसर्गचित्र म्हणजे नेमकं काय? त्यात डोंगर दिसायला हवा की नको?

दिसला तर दिसू दे, नाही दिसला तरी बिघडत नाही. पण तुम्ही तो बघितलेला हवा.

शाळेत आपण सगळ्यांनी एकच निसर्गचित्र काढलंय. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणं घेत येणारी नदी, कडेला झोपडी, एक नारळाचं झाड आणि आकाशात मिशीसारखे चार पक्षी. गंमत अशी की हे चित्र रत्नागिरीचं पोरही काढतं आणि लातूरचंही. लातुरात तसे डोंगर नाहीत, आणि रत्नागिरीत सूर्य डोंगराआडून वर येतो तेव्हा डोळे मिटून घ्यावे लागतात इतका तो झगझगीत असतो. त्याला पिवळ्या किरणांच्या काड्या नसतात. थोडक्यात, ते चित्र कुठल्याच जागेचं नाही. ती डोंगराची, नदीची, झोपडीची खूण आहे.

वर्गात आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो. एक ठरावीक जागा, ठरावीक वेळ. समजा जुलैतली सकाळ, खडकवासला धरणाच्या भिंतीपाशी उभे आहात. समोर काय आहे? "डोंगर, धुकं, पाणी" ही झाली नावं. ती बाजूला ठेवली की उरतात पाच आडवे पट्टे: वरचा राखाडी, त्याखाली जवळजवळ पांढरा, मग निळसर करडा, मग पाण्याचा त्याच करड्याचा जरा उजळ भाऊ, आणि तळाशी ओल्या काठाचा गडद तपकिरी. या पट्ट्यांमध्ये चार सीमा आहेत. तीन विरघळलेल्या आहेत, एकच धारदार आहे: काठ आणि पाणी यांच्यामधली. बस, एवढंच रंगवायचं. बाकीचं वगळायचं. भिंत, दरवाजे, भजीवाला, कणसांचा धूर, सगळं.

वगळणं हा या वर्गाचा एकमेव विषय आहे, असं म्हटलं तरी चालेल.

म्हणजे गायतोंडे यांच्यासारखी चित्रं?

नाही, आणि तुलना आपल्यालाच जड जाईल. चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांना आपल्या चित्रांना 'ॲबस्ट्रॅक्ट' म्हटलेलं रुचत नसे, ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' हा शब्द वापरत. कुठल्यातरी वस्तूचं सार काढून झालेलं चित्र वेगळं आणि मुळात वस्तूपासून सुरूच न झालेलं वेगळं, हा तो फरक. आपल्या चित्रांमागे वस्तू आहे, जागा आहे. आपण अलीकडच्या काठावर आहोत. चित्रकार रामकुमार यांची वाराणसीची चित्रं बघा: घाट, घरं, नदी यांच्या हळूहळू रंगाच्या चिरा होत गेल्या. ती तैलरंगातली आहेत, पण विचार करायची दिशा तीच.

जलरंगातच बघायचं असेल तर इंग्रज चित्रकार टर्नर बघा. त्याच्या मृत्यूनंतर (१८५१) त्याच्या कागदपत्रांत असे शेकडो जलरंग निघाले ज्यांत दोन-तीन रंगांचे पट्टे आहेत, बाकी काही नाही. 'कलर बिगिनिंग्ज' या नावाने ते ओळखले जातात आणि लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत. त्याने ती पूर्ण चित्रं म्हणून केली की पुढच्या कामाची तयारी म्हणून, यावर लोक वाद घालतात. आपल्याला तो वाद नको. एका पिवळ्या पट्ट्यावर एक निळा पट्टा ठेवला की समुद्रकिनारा होतो, हे त्याने करून ठेवलंय, तेवढं पुरे.

चित्रकार सय्यद हैदर रझांचंही सांगायला हवं. बिंदूचे, म्हणजे मोठ्या गोल वर्तुळाच्या चित्रांचे रझा सगळ्यांना माहीत असतात. पण १९४० च्या दशकात मुंबईत असताना ते रस्त्यांची, पावसाची, पुढे काश्मीरची जलरंगातली निसर्गचित्रं करत होते. बिंदूपर्यंतचा रस्ता निसर्गचित्रातूनच गेलेला आहे.

मला चित्रकला अजिबात येत नाही. चालेल का?

चालेल. खरं तर एलिमेंटरी-इंटरमीजिएटला 'ए' ग्रेड मिळालेले लोक पहिले तीन आठवडे जास्त हैराण होतात. त्यांचा हात झाडाची पानं आपोआप काढायला लागतो, आणि हाताला थांब म्हणणं अवघड असतं.

मग रेखाटन शिकायची गरज नाही ना?

आहे. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी आशा असते ती मोडताना वाईट वाटतं, पण आहे. ब्रश उचलण्याआधी वीस मिनिटं पेन्सिलीने त्या जागेचं साधं, कुणालाही ओळखू येईल असं रेखाटन करायचं. ते रंगवायचं नाही, समोर ठेवायचंही नाही. झालं की पालथं घालायचं. जे बघितलंच नाही ते वगळणार कसं? रेखाटन न करता थेट रंगाला हात घातलेली चित्रं मी भिंतीवर लांबूनही ओळखतो. ती सगळी एकमेकांसारखी दिसतात, बहुतेक वेळा सूर्यास्तासारखी.

एका शनिवारी प्रत्यक्षात काय घडतं?

साडेनऊला रेखाटन. दहाला कागद कापायचा. आपला कागद पाव इम्पीरियल, म्हणजे ११ × १५ इंच. त्याचे आठ तुकडे करायचे, प्रत्येक साधारण पोस्टकार्डाएवढा. एकेका तुकड्याला सात मिनिटं. मी स्वयंपाकघरातलं टायमर लावतो आणि तो कर्कश वाजतो, त्याबद्दल आधीच माफी.

पहिल्या तुकड्यावर पाच पट्टे. दुसऱ्यावर तीन. तिसऱ्यावर फक्त दोन, आणि इथे वर्गात शांतता पसरते, कारण दोन पट्ट्यांत सिंहगड बसवायचा म्हणजे वरचा पट्टा कुठे संपतो ते ठरवावंच लागतं. चौथ्यावर एकच रंग, फक्त उजळ-गडद. पाचवा आणि सहावा मनासारखे. सातवा बहुतेकांचा बिघडतो, का ते मला अजून कळलेलं नाही. आठवा जाणूनबुजून बिघडवायचा: जास्त पाणी, चुकीची वेळ, हवं ते. आठव्या तुकड्यांतून आजवर सगळ्यात चांगली चित्रं निघाली आहेत, पण हे सांगितलं की लोक आठवाही जपून करायला लागतात. तेव्हा तुम्ही हे वाचलेलं नाही.

चहा साडेअकराला. चहा स्टीलच्या पेल्यात, ब्रशचं पाणी प्लास्टिकच्या डब्यात, हा नियम कडक आहे. मी स्वतः एकदा पेन्स ग्रे (निळसर काळा रंग) मिसळलेला चहा अर्धा प्यालो, तेव्हापासून.

चहानंतर लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे कापलेले दोन 'एल' घ्यायचे. ते एकमेकांवर ठेवून हवी तेवढी चौकट करता येते. ही चौकट आठही तुकड्यांवरून सरकवत न्यायची आणि त्यातला एक तुकडा, कधी तुकड्याचा तुकडा, निवडायचा. त्यावरून मग मोठं चित्र. बाराला सगळी चित्रं भिंतीशी उभी.

साहित्य काय आणू?

कागदावर पैसे घाला, रंगांवर मध्यम, ब्रशवर कमी. बाजारात लोक नेमकं उलटं करतात.

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), शक्यतो शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस्ड (म्हणजे किंचित खरखरीत). लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पाणी एकसारखं धरत नाही. एकदा वाळलेला रंग पुन्हा ओला करून उचलायला गेलात की वरचा थर कुसकरतो. आपल्या पद्धतीत कागद तीन-तीनदा भिजतो, म्हणून हा खर्च टाळता येत नाही. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद अनेकांना प्रिय आहे, मलाही. हातकागदावर काम करायचं असेल तर आधी कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब वर बसून राहिला तर कागदाला सायझिंग (पाणी लगेच आत शिरू न देणारा लेप) आहे, लगेच आत शिरला तर रंगही तसाच आत शिरून फिका पडेल. ते काही वाईट नसतं, धुक्याला छान असतं, पण आधी माहीत असावं.

रंग: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो आणि एक लाल. लाल म्हणून अलिझरिन क्रिमसन सांगणारी जुनी पुस्तकं आहेत. मूळ अलिझरिन उन्हात उडतो, त्याऐवजी क्विनॅक्रिडोन रोझ घ्या. ट्यूब उलटी करून पीबी २९, पीबीआर ७ असे रंगद्रव्याचे क्रमांक बघायची सवय लावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, मग पुढच्या बाजूला दुकानदाराने काहीही काव्य लिहिलेलं असो. रंगाच्या नावापुढे 'ह्यू' लिहिलेलं असेल तर आत मूळ रंगद्रव्य नाही, त्याच्यासारखं दिसणारं दुसरं आहे. ते वापरायला हरकत नाही, मात्र ते पाण्यात वेगळं वागतं.

हिरवा आणू नका. मागे एका तुकडीत बाराही जणांनी तयार सॅप ग्रीन आणला आणि त्या दिवशी बारा चित्रांत एकच रान होतं.

गेरू घरात असेल तर चमचाभर पुडीत बांधून आणा. तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू आणि ट्यूबमधला लाइट रेड एकाच घराण्यातले आहेत, दोन्हींचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. डिंकाच्या पाण्यात खलून तो चांगला चालतो. कोकणातल्या जांभ्याची चित्रं करायची असतील तर त्याहून जवळचा रंग मिळणार नाही.

ब्रश: एक मोठा गोल (१२ नंबर), एक इंचाचा चपटा, आणि घरात पडलेला कुठलाही खराब ब्रश. शून्य नंबरचा ब्रश घरी ठेवा. तो हातात आला की पक्षी काढावेसे वाटतात.

याशिवाय मास्किंग टेप, प्लायवूडची किंवा ॲक्रिलिकची फळी, दोन डबे (एक धुण्याचा, एक स्वच्छ पाण्याचा), जुनं सुती कापड. जुन्या धोतराचा तुकडा असेल तर उत्तम. आता मिळणं कठीण झालंय.

माझे रंग नेहमी मळतात. चिखल होतो. का?

दोन कारणं, आणि लोक फक्त पहिल्याचा विचार करतात.

पहिलं, फार रंग एकत्र येतात. निळा, लाल आणि पिवळा असे तिन्ही एका ठिकाणी आले की करडा किंवा तपकिरी होणारच. म्हणून एका चित्रात तीनच ट्यूब. पण अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळूनही करडाच होतो आणि तो करडा सुंदर असतो, आषाढातल्या आभाळासारखा. मग चिखल कशाला म्हणायचं?

दुसरं कारण ते. रंग कागदावर टाकल्यावर त्याच्याशी केलेली खुडबुड. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि सिएना त्यांच्याभोवती पसरतो; म्हणून त्या करड्यात जवळून बघितलं तर निळे आणि तांबूस दाणे वेगवेगळे दिसतात. तीन इंचांवरून बघा, मग कळेल मी काय म्हणतोय. ब्रश चौथ्यांदा फिरवलात की हे दाणे उठतात, एकजीव होतात आणि सगळं सपाट होतं. त्या सपाटीला आपण चिखल म्हणतो. रंग तेच, प्रमाण तेच, हात मात्र फार फिरला.

उपाय: मिश्रण थाळीत अर्धवटच करा. दोन्ही रंग कागदावर शेजारी सोडा, फळी तिरकी धरा आणि हात मागे घ्या. माझ्या वर्गात काही जण खरोखर हाताची घडी घालून बसतात. मी त्यांना हसत नाही, मीच सांगितलंय.

ओल्यात रंग कधी सोडायचा हे कसं कळतं?

फरशी पुसल्यावर कशी वाळते ते आठवा. आधी पाणी साचून चमकतं, त्यात ट्यूबलाइट दिसते. मग चमक मऊ होते. मग चमक जाते, पण तळपायाला गार लागतं. मग वाळते.

कागदाचंही तेच. डोळे कागदाच्या पातळीला आणून तिरकस बघा. ट्यूबलाइट स्पष्ट दिसत असेल तर आत्ता सोडलेला रंग कुठेही जाईल. आभाळाला हे चांगलं. चमक मऊ झाली की सोडलेल्या रंगाला आकार राहतो आणि कडा मात्र धुरकट होते. लांबचे डोंगर इथे करायचे. चमक गेली पण हाताची पालथी बाजू टेकवल्यावर गार लागतं, तेव्हा काहीही करू नका. सगळे अपघात याच टप्प्यावर होतात. या वेळी पाण्याने भरलेला ब्रश टेकवलात की ते पाणी आधीच्या रंगाला बाहेर ढकलतं आणि फुलकोबीच्या गड्ड्यासारखी कडा उमटते. चित्रकार तिला 'कॉलीफ्लॉवर'च म्हणतात.

नियम एका वाक्यात सांगायचा तर: ब्रशमध्ये कागदापेक्षा कमी पाणी असेल तर रंग बसतो, जास्त असेल तर कोबी. आणि कोबी मुद्दाम हवी असेल, म्हणजे एखादं झुडूप, ढगाची कडा, तर हाच नियम उलटा वापरायचा.

शिवाय जलरंग वाळल्यावर बराच फिका होतो. ओल्यात "जरा जास्तच गडद झालं" असं वाटलं तर बहुधा बरोबर झालंय.

आपण सारखे सह्याद्रीचेच डोंगर का करतो?

जवळ आहेत म्हणून. आणि दुसरं म्हणजे हे डोंगर स्वतःच अर्धे अमूर्त आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, त्यांचा हा बेसाल्ट. थर आडवे असल्यामुळे झीज होताना पायऱ्या पडल्या. 'डेक्कन ट्रॅप' मधला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय. म्हणून आपल्या डोंगराला हिमालयासारखं टोक क्वचितच असतं. वर सपाट माथा, खाली कडा, मग उतार, पुन्हा कडा. पट्टा, रेघ, पट्टा, रेघ. एक इंची चपट्या ब्रशने दोन फटकाऱ्यांत होणारा हा डोंगर आहे, आणि आपण शाळेत मात्र त्रिकोण काढत आलो.

एप्रिलमध्ये टेकड्या वाळल्या गवताने पिवळ्याधमक आणि वणव्याच्या काळ्या डागांनी भरलेल्या असतात. तेव्हा वेताळ टेकडीवर या. लोकांना वाटतं निसर्गचित्र म्हणजे हिरवं. पिवळा आणि काळा, दोनच रंग, आणि काळ्याची कडा इतकी वेडीवाकडी की ती मनाने रचता येणार नाही.

फोटोवरून चित्र केलं तर चालेल?

चालेल, तुम्ही स्वतः काढलेल्या. तो फोन मात्र दोन मिनिटं बघून पालथा ठेवायचा. फोटोत सगळंच सारखं स्पष्ट असतं, म्हणून वगळायला काही सुचत नाही. डोळे अर्धे मिटून बघितलं तर थोडी मदत होते.

इंटरनेटवरच्या कुणाच्या चित्राची नक्कल घरी शिकण्यासाठी जरूर करा. भिंतीशी आणू नका, स्वतःच्या सहीने तर नाहीच.

पांढरा रंग वापरायचा नाही का?

पहिले तीन महिने नाही. पांढरा म्हणजे कागद.

मीठ टाकून, प्लास्टिक चिकटवून पोत काढतात ते शिकवाल?

एकदाच, साधारण पाचव्या शनिवारी, कारण न शिकवल्यास तुम्ही यूट्यूबवरून शिकून याल. खडेमीठ चमक मऊ होत असताना टाकायचं, पूर्ण वाळल्यावर झटकून काढायचं. मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे कागदावर राहिलेलं मीठ पावसाळ्यात त्रास देतं. चुरगाळलेलं प्लास्टिक ओल्या रंगावर ठेवून वाळू दिलं की कातळासारखा पोत येतो, खरोखर येतो. अडचण अशी की हे फार लवकर छान दिसतं. मग माणूस मिठाकडूनच चित्र काढून घेतो. सहाव्या शनिवारी खडेमीठ आणलंत तर ते चहाच्या वेळी काकडीवर घालू.

पावसाळ्यात वर्ग असतो का?

असतो, आणि तोच माझा आवडता. फक्त वाळण्याचं गणित बदलतं. मे महिन्यात जो थर वाळायला पाच मिनिटं लागतात त्याला जुलैत अर्धा तास लागू शकतो. म्हणून पावसाळ्यात दोन चित्रं शेजारी शेजारी चालवायची. एक वाळेपर्यंत दुसरं. हेअर ड्रायर आहे, पण तो हातभर लांबून आणि चमक गेल्यावरच वापरायचा. पाणी साचलेलं असताना फिरवलात तर हवा रंगाला ढकलत नेते.

कागद घरी प्लास्टिकच्या पिशवीत, गुंडाळून, जमिनीपासून वर ठेवा. दमट हवेत कागदाचं सायझिंग मरतं आणि मग तो टीपकागदासारखा वागतो. रंगाचे ठिपके उमटतात आणि आपण रंगाला दोष देतो.

शेजारच्याचं चित्र माझ्यापेक्षा नेहमी चांगलं होतं. उदास वाटतं.

शेजारच्यालाही तुमच्या चित्राबद्दल तेच वाटतं, मला दोन्ही बाजूंचे मेसेज येतात. दुसऱ्याचं चित्र आपल्याला चार फुटांवरून, उभं आणि पूर्ण दिसतं. आपलं मात्र नाकाखाली, आडवं आणि अर्धवट. यासाठीच बाराला सगळी चित्रं भिंतीशी लावतो आणि सगळे दहा फूट मागे जातात.

भिंतीपाशी तीन गोष्टींना बंदी आहे. "छान" हा शब्द. "मी असतो तर" ने सुरू होणारी वाक्यं. आणि "मला यात गणपती दिसतोय". कुठल्याही अमूर्त चित्रात महाराष्ट्रात कुणाला ना कुणाला गणपती दिसतोच. एकदा सांगितला की बाकीच्या अकरा जणांना दुसरं काही दिसत नाही, आणि ज्याने खडकवासला केला तो बिचारा घरी गणपती घेऊन जातो. बोलायचं ते असं: "नजर आधी इथे गेली, मग तिकडे सरकली, इथे अडकली." एवढंच. चित्रकाराने तोपर्यंत गप्प बसायचं. हे त्याला फार जड जातं.

चित्र कधी थांबवायचं?

"आता फक्त इथे जरासं" असं मनात आलं की. ब्रश खाली ठेवा, चहा प्या. परत आल्यावर नेमकं कुठे काय हवंय ते बोटाने दाखवता आलं तर करा. हात हवेत नुसता गोल फिरत असेल तर चित्र संपलंय.

चित्र उलटं धरल्यावर जास्त चांगलं दिसतंय!

मग उलटं लावा. सही शेवटी करायची ती याचसाठी.

माझं वय ७२. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, एका डोळ्याला रंग वेगळे दिसतात. जमेल का?

जमेल, आणि तुम्हाला आमच्यापेक्षा एक गोष्ट जास्त दिसते. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं. ते काढल्यावर निळा अचानक उघडतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची १९२३ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि नंतर रंगांवरून तो चांगलाच वैतागला होता. आमच्याकडे एक आजी एक डोळा झाकून एक आणि दुसरा झाकून दुसरं अशी एकाच टेकडीची दोन चित्रं करतात. एक जुनं, उन्हात ठेवलेल्या वर्तमानपत्रासारखं, दुसरं गारठलेलं. दोन्ही शेजारी लावली की मी काही शिकवायच्या भानगडीत पडत नाही.

रंगांधळेपणा असेल तरी या. निसर्गचित्र उजळ-गडदावर उभं राहतं, रंग नंतर. ट्यूबवर नावं असतातच.

घरचे विचारतात, "हे काय आहे?" काय सांगू?

"पानशेतला जाताना डाव्या हाताला" असं सांगा. जागेचं नाव सांगितलं की माणूस थोडा सैलावतो आणि बघायला लागतो. 'अंतर्मनाचे तरंग' असलं शीर्षक देऊ नका; विचारणारा माघार घेतो आणि चित्रही. जागा, महिना, वेळ: "वेल्हे, ऑगस्ट, सकाळी सात". याहून चांगलं शीर्षक मला अजून सुचलेलं नाही.

फ्रेम कशी करायची?

काच हवी, आणि काच व चित्र यांच्यामध्ये माउंटची (जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची) जागा हवी. काचेला चिकटलेल्या कागदावर पावसाळ्यात बुरशी धरते. माउंट ॲसिड-फ्री मागा, नाहीतर काही वर्षांनी कडेने पिवळी रेघ येते. पावसाची ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर आणि थेट उन्हात लावू नका. टेप काढताना चित्र पूर्ण वाळू द्या, आणि टेप चित्रापासून बाहेरच्या दिशेला, तिरकी, सावकाश ओढा. घाईने ओढलेल्या टेपेबरोबर कागदाचा पापुद्रा येतो. त्याचा आवाज वर्गात सगळ्यांना ओळखू येतो.

चित्रं विकता येतील?

येतील. मला विचाराल तर पहिली पन्नास विकू नका. विकलेलं चित्र पुन्हा बघता येत नाही, आणि पहिली पन्नास तुम्हाला पुष्कळदा बघावी लागतील.

एखादा शनिवार बुडला तर? ऑनलाइन वर्ग आहे का?

बुडलेला शनिवार पुढच्या तुकडीत भरून काढता येतो, एका सत्रात दोनदा. ऑनलाइन नाही. कागदाची चमक कॅमेऱ्यात दिसत नाही.

मुलांना आणता येईल?

चौदा वर्षांपुढची. त्याहून लहान मुलांना वगळायला शिकवू नये, त्यांचं अजून भरायचं वय आहे.

वर्ग संपल्यावर डब्यातलं रंगाचं पाणी गॅलरीतल्या कुंडीत ओतलं तर चालेल का?

नको. काही रंगांत तांबं असतं, काहींत कोबाल्ट, काहींत कॅडमियम. म्हणूनच ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवयही सोडा. पाणी रात्रभर तसंच राहू दे, गाळ तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी मोरीत सोडा, गाळ जुन्या कागदाने पुसून कचऱ्यात टाका. आमच्या वर्गाच्या जिन्यात तुळशीची एक कुंडी आहे. तिच्या मातीवर सध्या अल्ट्रामरीनचा थर आहे आणि कुणी ओतला ते कुणी कबूल करत नाही. तुळस अजून हिरवी आहे, पण मी रोज बघतोय.